चुनकळीची साक्ष

पदार्थांत दोन प्रकारचे फेरफार होतात, भौतिक आणि रासायनिक, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत कधी ना कधी घोकलेले आहे. त्यास जोडून एक कसोटीही आपण पाठ केली : मागे फिरविता येतो तो भौतिक, फिरविता येत नाही तो रासायनिक. ही कसोटी कितपत खरी, आणि शास्त्रज्ञांना ती कोणत्या वाटेने पारखावी लागली, याचा थोडा इतिहास आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. त्यासाठी फार दूर जावयास नको. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पुढे त्याचे मुख्यालय कोळगावात उभे राहिले. या कोळगावच्या पश्चिमेस समुद्र आणि उत्तरेस बोईसर-तारापूर. एवढ्या टापूतच या विषयाचे बहुतेक धडे सापडतात.

मिठागरात भरतीचे खारे पाणी अडवून उन्हात आटवितात. पाणी जाते, मीठ उरते. तेच मीठ पाण्यात टाकले की पुन्हा खारे पाणी तयार. हा फेरफार भौतिक. उलट, ताडाची पहाटेची गोड नीरा ऊन चढताच फसफसू लागते आणि तिची ताडी होते. ताडीची पुन्हा नीरा झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. हा फेरफार रासायनिक. येथवर आपली कसोटी बरोबर उतरते. परंतु नीरा आंबू नये म्हणून मडक्यास आतून जो चुना फासतात, तो चुनाच या कसोटीस चकवितो.

शिंपल्या भट्टीत भाजल्या की त्यांची चुनकळी होते. तिच्यावर पाणी घालताच ती तापते, फुटते आणि विरते. हा विरलेला चुना भिंतीत गेला म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि अखेर पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे शिंपलीचेच द्रव्य, होऊन बसतो. या किनाऱ्यावरील पोर्तुगीजांचे कोट चुन्यातच बांधले गेले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला तारापूरचा कोट हा त्यांपैकीच एक. चुन्याच्या या प्रवासातील प्रत्येक पायरी रासायनिक आहे. तरीही प्रवास जेथून निघाला तेथेच येऊन पोहोचतो!

हे कोडे डोळ्यांनी सुटले नाही. ते तराजूने सुटले. स्कॉटलंडातील जोसेफ ब्लॅक याने चुनखडी भाजण्यापूर्वी व भाजल्यानंतर तोलली आणि घटलेले वजन एका वायूचे आहे, हे १७५६ साली प्रसिद्ध केले. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटाच्या १०० भारांतून चुनकळीचे सुमारे ५६ भार उरतात. बाकीचे ४४ वायुरूपाने निघून जातात. पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने पारा बंद हवेत बारा दिवस तापविला, तेव्हा त्यावर तांबडी भुकटी जमली. तीच भुकटी अधिक तापविताच पारा परत मिळाला आणि प्राणवायू सुटला. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया ज्या प्रयोगाने घातला, तो प्रयोगच मुळी मागे फिरणारा होता! तेव्हा खरा प्रश्न ‘मागे फिरते काय?’ हा नसून ‘नवे द्रव्य झाले काय?’ हा आहे. आणि त्याचे उत्तर पाहून, तोलून व पारखूनच द्यावे लागते.

हे शास्त्र मराठीत आणण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांच्यासारख्यांनी ग्रंथरचना केली. परंतु ग्रंथ वाचणे आणि नळीतील द्रव्य पाहणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. त्या अंतराचे मोल काय, हे १९३८ सालच्या अखेरीस बर्लिनमध्ये दिसले. युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर रेडियम मिळेल, अशी हान व स्ट्रासमान यांची अपेक्षा होती. परंतु मिळालेले द्रव्य काही केल्या बेरियमपासून वेगळे होईना. अपेक्षेस बाजूस सारून त्यांनी ते बेरियमच असल्याचे लिहिले. माइटनर व फ्रिश यांनी त्याचा अर्थ उलगडला : युरेनियमचे अणुकेंद्रच दुभंगले होते. येथे मूलद्रव्यच पालटते, म्हणून हा फेरफार भौतिकही नव्हे आणि रासायनिकही नव्हे. घोकलेल्या दोन खणांत तो मावत नाही. हाच फेरफार १९६९ साली तारापूरच्या अणुवीज केंद्रात विजेच्या कामी लागला. गंमत अशी, की तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांत या तिसऱ्या जातीच्या फेरफाराकडून करवून घेतलेले काम अगदी साधे, भौतिक होते : पाण्याची वाफ करणे.

कोणी म्हणेल, ही वर्गवारी परीक्षेपुरती. जगण्याशी तिचा काय संबंध? बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांची दाटी आहे आणि या टापूतील कित्येक तरुण तेथे कामास जातात. भांड्यातील द्रव्य बाहेरच्या उष्णतेने तापत आहे, की आतल्या क्रियेने स्वतःच तापू लागले आहे, हा फरक तेथे जीवनमरणाचा असतो. उष्णतामान १० अंशांनी वाढले की पुष्कळशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो; वाढलेला वेग आणखी उष्णता देतो, आणि वेळीच थंड न केल्यास क्रिया हाताबाहेर जाते. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरनजीकच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मृत्युमुखी पडले. अशा कारखान्यांच्या छायेत वाढणाऱ्या मुलांना हे ज्ञान केवळ फळ्यावरून देणे आम्हांस परवडणारे नाही.

म्हणून आमचे मागणे लहानसे आहे. या परिसरातील प्रत्येक विद्यार्थ्याने चुनकळीचा एक खडा शिक्षकांच्या देखत, डोळ्यांस चष्मा लावून, स्वतः विरवून पाहावा. किती तापले, काय निघाले, वजन किती भरले, हे आधी वहीत लिहावे; फेरफाराचे नाव नंतर घालावे. नाव चुकले तर ते खोडता येईल. न पाहिलेली गोष्ट मात्र मागाहून लिहिता येत नाही.