‘नुसतं बोलून काय होणार?’

हा आपल्याकडचा नेहमीचा सवाल. पण १९५२ साली लंडनमधल्या हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञानं तो आकडे मांडून विचारला. २४ अभ्यासांतले सात हजारांवर रुग्ण मोजून तो म्हणाला, की न्यूरोसिसचे दोन तृतीयांश रुग्ण दोनेक वर्षांत तसेही सुधारतात, मानसोपचारांचा वेगळा फायदा सिद्ध झालेला नाही. मोठी खळबळ उडाली.

मला यातली खरी गोम तुलनेत दिसते. ‘थेरपी न मिळालेले’ म्हणून ज्यांना धरलं, त्यांत विम्याचे ५०० दावेदार होते. त्यांचे नेहमीचे डॉक्टर त्यांना भेटत होते, औषधं देत होते, धीरही देत होते. म्हणजे कुणीतरी त्यांचं ऐकत होतंच की!

उत्तर यायला २५ वर्षं लागली. १९७७ साली अमेरिकेत मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र केले. थेरपी घेतलेला सरासरी माणूस, न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत निघाला. पण कुठली पद्धत वरचढ, याचा फरक नगण्य! सॉल रोझेनझ्वाइगनं हे १९३६ सालीच सुचवलं होतं: शर्यतीत सगळेच जिंकतात, कारण सगळ्यांत काहीतरी समान असतं. १९७९ साली एडवर्ड बोर्डिननं त्या समान गोष्टीचे तीन भाग सांगितले. ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि दोघांमधला विश्वास.

मग तंत्राला काहीच किंमत नाही का? आहे. फोबियात किंवा ओसीडीत भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जावं लागतं, तिथं फक्त गोड बोलून भागत नाही. ‘सरासरी’त असे फरक बुजून जातात, हा दुसऱ्या बाजूचा आक्षेप मला रास्त वाटतो. वाद अजून मिटलेला नाही.

पण आपल्या शेजारचा गोव्याचा प्रयोग बघा. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. समुपदेशक कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेली स्थानिक माणसं. ६ ते ८ बैठका. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवरचे ३९ टक्के.

या माणसांकडे साधं, ठरलेलं तंत्र होतं आणि विश्वासही. दोन्हीतलं किती कशामुळे, हे तज्ज्ञ भांडून ठरवोत. माझा मुद्दा एवढाच: मानसोपचारतज्ज्ञ येईल तेव्हा येईल, म्हणून गावोगावच्या माणसांना ताटकळत ठेवायची गरज नाही. २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क केलाय. पुढच्या ग्रामसभेत विचारा, आपल्या आरोग्य केंद्रात ऐकून घेणारं प्रशिक्षित माणूस कधी बसणार?