डिजिटल मानव्यविद्या

डिजिटल मानव्यविद्या ही इतिहास, साहित्य, भाषाविज्ञान, लोकसाहित्य इत्यादी विषयांच्या संशोधनात संगणकीय साधने व पद्धती योजणारी ज्ञानशाखा होय. अभ्यासक ही साधने प्रत्यक्षात कशी वापरतात आणि त्यामुळे त्यांच्या वाचनात, टिपणांत व निष्कर्षांत कोणता फरक पडतो, याचा शोध हे तिचे एक उपांग आहे.

== पार्श्वभूमी ==
इटालियन जेझुइट विद्वान रोबेर्तो बुसा यांनी १९४९ पासून आयबीएम कंपनीच्या साहाय्याने थॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. या शाखेचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. जॉन अन्सवर्थ यांनी २००० मध्ये अभ्यासकांच्या सात मूलभूत क्रिया सांगितल्या : शोध, टिपण, तुलना, संदर्भ, नमुना-निवड, उदाहरण-दर्शन आणि प्रतिरूपण. या क्रिया संगणकाच्या आधीही होत्या. साधन बदलले की त्यांचा वेग, व्याप्ती व क्रम बदलतो.

== वाई आणि मराठी विश्वकोश ==
सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या वाटेवर असलेल्या वाईला कोशकार्याची जुनी परंपरा आहे. येथील प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशात धर्मशास्त्रीय ग्रंथांतील वचने विषयवार एकत्र केलेली आहेत. तुलना व संदर्भ या क्रियांचे हे मुद्रित रूप होय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कामही वाईतच सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हे खंड संकेतस्थळावर उपलब्ध झाले, तसेच विद्यापीठे व संस्थांच्या सहकार्याने विषयवार ज्ञानमंडळे स्थापन करण्यात आली.

माध्यमांतरामुळे वाचनाची रीत बदलते. मुद्रित खंडात वाचक वर्णानुक्रमाने नोंदीपर्यंत जातो व शेजारच्या नोंदीही त्याच्या नजरेस पडतात. शोधपेटीतून तो थेट एकाच नोंदीवर पोहोचतो. वेगवेगळ्या दशकांत लिहिलेल्या नोंदी पडद्यावर समकालीन भासतात. म्हणून नोंदीचा मूळ खंड व प्रकाशनवर्ष तपासणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.

== जात्यावरच्या ओव्या ==
हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला. संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्याचा विदासंच तयार झाला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रकाशित करीत आहे.

ओवीसोबत गायिका, गाव व विषय यांची नोंद असल्यास एकच विषय निरनिराळ्या गावांत कसा गायला जातो हे ताडून पाहता येते. तथापि विषयांचे वर्गीकरण संपादक ठरवतात. भाऊ, माहेर व पंढरी यांना एकत्र गुंफणारी ओवी एकाच वर्गात घातली, तर इतर अर्थांनी तिचा शोध घेणाऱ्याला ती सापडत नाही. ओवीचा सूर व जात्याची लय मजकुरात उतरत नसल्याने ध्वनिमुद्रणाचे महत्त्व राहते.

== लिपी व संकेतन ==
युनिकोडपूर्वी मराठी मजकूर परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत साठवला जाई. असा मजकूर रूपांतरित केल्याशिवाय शोधता येत नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. परंतु हस्तलिखित मोडीत अक्षरे जोडून लिहिलेली व शब्द न तोडलेले असल्याने यंत्रवाचन कठीण जाते. पेशवे दफ्तरासारख्या संग्रहांसाठी मोडी जाणणारा वाचक आजही अपरिहार्य आहे.

== मर्यादा ==
शोधयंत्रात न सापडणारे साधन अस्तित्वातच नाही, असा समज होण्याचा धोका असतो. छायाचित्रित झालेले पण लिप्यंतर न झालेले कागद शब्दशोधात येत नाहीत. त्यामुळे देवनागरीत छापलेल्या साधनांचा आधार वाढतो आणि मोडी कागदपत्रे व मौखिक परंपरा मागे पडतात. संशोधनात कोणता संग्रह, कोणत्या शब्दांनी व केव्हा शोधला हे नमूद केल्यास निष्कर्षाची पडताळणी शक्य होते.

== हे सुद्धा पहा ==
* मराठी विश्वकोश
* मोडी लिपी
* युनिकोड