सेल्फ-अ‍ॅडॅप्टिव्ह सॉफ्टवेअर म्हणजे काय? क्लाउडवर ते डिझाइन करताना काय बघायचं?

निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही, हा अनुभव आपण बहुतेकांनी घेतलाय. गर्दी वाढली की कुणी माणसाने सर्व्हर वाढवण्याऐवजी, सॉफ्टवेअरनेच परिस्थिती ओळखून स्वतःत बदल केला तर? अशा रचनेला सेल्फ-अ‍ॅडॅप्टिव्ह आर्किटेक्चर म्हणतात.

मेप-के लूप

आयबीएमने २००१ मध्ये ऑटोनॉमिक कम्प्युटिंगची कल्पना मांडली. त्यातूनच मेप-के हा लूप आला. मॉनिटर म्हणजे मोजणे, अ‍ॅनलाइज म्हणजे अर्थ लावणे, प्लॅन म्हणजे काय करायचं ते ठरवणे आणि एक्झिक्यूट म्हणजे ते करणे. या चारही टप्प्यांना लागणारी सामायिक माहिती म्हणजे के, अर्थात नॉलेज.

प्रत्यक्षात कसं चालतं?

कुबरनेटिसचा हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर घ्या. डिफॉल्ट सेटिंगमध्ये तो दर १५ सेकंदांनी हिशोब करतो. समजा ४ पॉड चालू आहेत, सरासरी सीपीयू वापर ९०% आहे आणि टार्गेट ६०% आहे. मग ४ × ९० ÷ ६०, म्हणजे ६ पॉड हवेत. फरक १०% च्या आत असेल तर तो काहीच बदलत नाही. पॉड कमी करण्याआधी मागची ५ मिनिटं बघतो, नाहीतर पॉडची संख्या सारखी वर-खाली होत राहील.

खरी अडचण इथे आहे

आता गंमत बघा. प्रत्येक पॉड डेटाबेसची २० कनेक्शन उघडतो. ४ पॉडची झाली ८०. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० आहे, म्हणून सगळं सुरळीत चालतं. पॉड ६ झाले की कनेक्शन लागतात १२०! ऑटोस्केलरचा हिशोब बरोबर होता, तरी युजरला एरर दिसणार. कारण त्याच्या नॉलेजमध्ये डेटाबेस नव्हताच.

मग काय करायचं?

- पॉडची कमाल संख्या डेटाबेसच्या क्षमतेवरून ठरवा. प्रत्येक पॉडला १२ कनेक्शन दिली, तर ८ पॉडना ९६ पुरतात.
- त्यापुढे जायचं असेल तर मध्ये पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन पूलर ठेवा.
- फक्त सीपीयू मोजू नका. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघणाऱ्या पॉडचा सीपीयू कमीच दिसतो, म्हणून प्रतिसादाला लागणारा वेळही मोजा.

थोडक्यात, लूप तयार मिळतो. त्याने कुठे थांबायचं, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.