रक्तातले ‘सी’ आणि पोटातले दुखणे

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूंपासून त्यांनी एक शर्करामय पदार्थ वेगळा काढला होता. त्याचे नाव नुसते ‘सी’. रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारे पिवळसर पाणी, त्यात मिसळला की नळीत साका बसे. प्रतिपिंडांचे काम, असे कोणालाही वाटले असते. पण प्रतिपिंडे रोगी सावरू लागला की वाढतात. इथे उलटेच! ताप उतरला की साका बसणे बंद. शिवाय न्यूमोनिया नसलेल्या काही आजाऱ्यांच्या सीरमनेही तेच केले. पुढे १९४१ मध्ये ओस्वाल्ड एव्हरी व सहकाऱ्यांनी हा साका बसवणारा पदार्थ प्रथिन असल्याचे दाखवले. (डीएनएमुळे तुमच्या परिचयाचे असलेले एव्हरी ते हेच.)

हे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, दवाखान्याच्या भाषेत ‘सीआरपी’, यकृतात तयार होते. दाह शरीरात कुठे आहे हे ते सांगत नाही. किती आहे याचा अंदाज देते.

अपेंडिक्सची कथा वेगळीच. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी उजव्या कुशीतल्या जीवघेण्या दुखण्याचे मूळ तिथे दाखवले, आणि पुढे शंका आली की ऑपरेशन हीच रीत पडली. १९८६ मध्ये अल्वाराडो यांनी निदानासाठी चक्क दहा गुणांची परीक्षा काढली. पांढऱ्या पेशी वाढल्या तर दोन गुण. सीआरपीला त्यात जागा नव्हती. २००८ च्या स्वीडिश गुणपद्धतीत ती मिळाली.

आता प्रश्न बदलला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत प्रतिजैविके दिलेल्या दहांपैकी सुमारे सात जणांना पहिल्या तीन महिन्यांत ऑपरेशन लागले नाही. मात्र अपेंडिक्स सडले किंवा फुटले असेल तर असे थांबणे धोक्याचे. तेव्हा सीआरपी बहुधा खूप चढलेले असते, म्हणून डॉक्टर ते पाहतात. अडचण एवढीच, की पांढऱ्या पेशी लवकर वाढतात, सीआरपी मागून येते आणि शिखर गाठायला त्याला दोनेक दिवस लागतात. सहा तासांत आणलेल्या मुलाचा कमी आकडा दिलासा देत नाही. तिसऱ्या दिवशीचा तोच आकडा बराच देतो. म्हणून रिपोर्ट हातात असूनही डॉक्टर विचारतात, दुखायला कधी लागले? शाळेतून घरी पाठवलेल्या मुलाबाबत ती वेळ पुष्कळदा वर्गशिक्षकालाच ठाऊक असते. चिठ्ठीवर ती अवश्य लिहावी.