वर्तुळ आणि सीमारेषा : माळढोक, मेंढा-लेखा आणि आपले गायरान

#थ्रेड

१/ टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील गाव. गावाला नाव मिळाले आहे ते एका झाडाचे. विदर्भात याच झाडाला तेंदू म्हणतात आणि त्याच्या पानांत विडी वळली जाते. झाडांवरून गावांना नावे देणारा समाज आणि निसर्ग राखू पाहणारे शासन यांचे नाते कसे घडत गेले, त्याविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम संकल्पना समजून घेऊ. युनेस्कोने १९७१ मध्ये ‘मानव आणि जीवावरण’ हा कार्यक्रम आरंभिला. त्यातून जीवावरण राखीव क्षेत्र, म्हणजेच बायोस्फिअर रिझर्व्ह, ही कल्पना पुढे आली. अशा पहिल्या क्षेत्रांना १९७६ मध्ये मान्यता मिळाली.

३/ या कल्पनेचा आराखडा तीन वर्तुळांचा आहे. आत गाभा क्षेत्र, जेथे निसर्गाला हात लावायचा नाही. त्याभोवती बफर क्षेत्र, जेथे निसर्गाला मानवेल इतकाच वापर. बाहेर संक्रमण क्षेत्र, जेथे गावे, शेती, बाजार सारे असते. माणसाला हद्दपार न करता त्याची जागा ठरवून देणे, हे यातील नवेपण.

४/ भारतात १९८६ मध्ये निलगिरी हे पहिले जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले. आज देशात अशी १८ क्षेत्रे आहेत. महाराष्ट्रात मात्र एकही नाही. सातपुड्यातील पचमढी आपल्याला जवळचे, पण ते मध्य प्रदेशात. शिवाय या क्षेत्रांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही.

५/ मग महाराष्ट्राने हा प्रश्न कसा हाताळला? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी ब्रिटिश मुलखातील जंगलांवर सरकारची मालकी पक्की केली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चराई आणि सरपण आता सरकारी सवलतीचा विषय झाले.

६/ या बदलाची झळ जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये नोंदवली आहे. जंगल खात्याने डोंगर आणि कुरणे बंद केल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार १८८० च्या दशकातली. संरक्षण आणि उपजीविका यांचा वाद आपल्याकडे इतका जुना आहे.

७/ आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथेही चित्र वेगळे नव्हते. आदिलाबादच्या जंगलात गोंडांच्या हक्कांसाठी लढणारे कोमराम भीम १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या अभ्यासाच्या आधारे गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे धोरण संस्थानाने स्वीकारले.

८/ स्वातंत्र्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. शिकारीला त्याने लगाम घातला, हे त्याचे श्रेय निर्विवाद. परंतु त्याचे मुख्य साधन सीमारेषा हेच होते. नकाशावर हद्द आखायची आणि तिच्या आत निर्बंध लावायचे.

९/ या साधनाची कसोटी लागली ती जंगलात नव्हे, माळरानावर. टेंभुर्णी नावाचे दुसरे मोठे गाव सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे. तो तालुका, सोलापूरचे आणखी काही तालुके आणि नगर जिल्ह्याचा काही भाग मिळून १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. नान्नज हे त्याचे केंद्र.

१०/ क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौ. किमी. म्हणजे आपल्या संपूर्ण जालना जिल्ह्याहून मोठे! त्यात वनजमीन थोडी होती. उरलेली जमीन लोकांची : शेते, वस्त्या, रस्ते, गायराने. म्हणजे माणसे अभयारण्यात शिरली नव्हती, अभयारण्यच त्यांच्या अंगणात आले होते.

११/ आता माळढोकाकडे पाहू. हा उघड्या माळावर राहणारा वजनदार पक्षी. मादी जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते. टोळ, किडे, धान्य हे त्याचे खाद्य. गवताळ पड, कोरडवाहू ज्वारी आणि मधूनच चरणारी मेंढरे, अशा मिश्र प्रदेशात तो शतकानुशतके टिकला. त्याचा अधिवास माणसाच्या वापरातूनही घडलेला होता.

१२/ म्हणजेच तीन वर्तुळांची कल्पना लागू करण्यास याहून योग्य जागा सापडली नसती. अंडी घालण्याची कुरणे गाभ्यात, धनगरांची हंगामी चराई बफरमध्ये, कोरडवाहू शेती संक्रमण क्षेत्रात. प्रत्यक्षात मात्र सबंध प्रदेशाला अभयारण्याचा एकच शिक्का बसला.

१३/ परिणाम दुहेरी झाला. जमिनीचे व्यवहार आणि विकासकामे अडली, तेव्हा शेतकऱ्याला माळढोक म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा वाटू लागला. काळविटांनी पीक खाल्ले की राग आणखी वाढे. ज्याच्या बांधावर पक्षी राहायचा, तोच त्याच्यापासून दुरावला.

१४/ दुसरीकडे निर्बंधांनी माळही वाचला नाही. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी आले, ऊस आला. कोरडवाहू पिके आणि पडीक रान मागे हटले. कागदावर अभयारण्य कायम होते; जमिनीवर अधिवास बदलत होता.

१५/ अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दीर्घ प्रक्रियेनंतर २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौ. किमी पर्यंत घटवले गेले. तोवर फार उशीर झाला होता. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

१६/ याचा अर्थ संरक्षण व्यर्थ होते असा नाही. गाभ्यातील कुरणे राखली नसती तर पक्षी आणखी लवकर गेला असता. उणीव होती ती मधल्या वर्तुळाची. तेथील माणसाच्या हाती ना हक्क होता, ना पक्षी टिकला तर मिळणारा लाभ.

१७/ हा धडा कायद्यात उतरला तो वाघांमुळे. २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना गाभा आणि बफर असे दोन भाग दिले. बफरमध्ये लोकांच्या उपजीविकेचा आणि ग्रामसभेच्या सल्ल्याचा उल्लेख आला. ताडोबा-अंधारीचे १,१०० चौ. किमीहून मोठे बफर २०१० मध्ये घोषित झाले. तेथे पर्यटनाचा पैसा काही गावांत पोहोचला. पण वाघाच्या हल्ल्यांचे भयही त्याच गावांच्या वाट्याला आले.

१८/ २००६ मध्येच वनहक्क कायदाही संमत झाला आणि त्याने उलट बाजूने वाट दाखवली. २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू विक्रीचा अधिकारही. देवाजी तोफा आणि ग्रामसभेने तो दीर्घ चर्चा व अभ्यासातून मिळवला.

१९/ येथे जंगल राखणारा आणि जंगलावर जगणारा एकच आहे. बांबू किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवते, कारण पुढच्या वर्षीचा बांबूही तिलाच हवा असतो. हा कायदा तेंदूपानांनाही गौण वनोपज मानतो आणि त्यांवरचा हक्क लोकांना देतो. आपल्या गावाला नाव देणारे झाड तिकडे ग्रामसभांच्या उत्पन्नाचे साधन झाले आहे.

२०/ मग जालन्यात हा प्रश्न कोठे आहे? आपल्याकडे घनदाट जंगल नाही. आहे ते माळ आणि गायरान. सरकारी भाषेत ती अनेकदा ‘पडीक’ जमीन असते. पण तेथे मेंढरे चरतात, हरणे फिरतात, आणि मराठवाड्यात अनेक ठिकाणी भूमिहीन, विशेषतः दलित, कुटुंबांनी ती कसून पोट भरले आहे.

२१/ दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनींसाठीही होते. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले. म्हणून गायरान वाचवा म्हणताना ते कोणासाठी वाचवायचे, हे आधी ठरवावे लागते. गुराखी, कसणारा आणि काळवीट, तिघांचाही तेथे दावा आहे.

२२/ माळढोकाचा इतिहास सांगतो की एका फटकाऱ्यात ओढलेली रेषा या तिघांपैकी कोणालाच वाचवत नाही. मेंढा-लेखा सांगते की वापरणाऱ्याला हक्क आणि जबाबदारी एकत्र दिली तर तोच राखणदार होतो. गायरानाची वर्तुळेही ग्रामसभेत, सर्व दावेदारांना बसवून आखता येतील. मोजणी अधिकारी त्यानंतर बोलवावा.

२३/ आपल्या गावचे गायरान पूर्वी कोण, कोणत्या महिन्यात, कसे वापरत असे? घरातील ज्येष्ठांना विचारा आणि उत्तरात लिहा. या जमिनींचा इतिहास दप्तरांत तुटकच सापडतो. तो बराचसा माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे आता थकत चालली आहेत.

(समाप्त)