रायगडची खिचडी आणि क्यूबाचें ताट

इ. स. १६७४ च्या मे महिन्यांत मुंबईच्या इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन हा रायगडाच्या पायथ्याशीं, पाचाड येथें येऊन उतरला. नारायण शेणवी हा दुभाष्या त्याच्या साहाय्यास होता. ६ जून रोजीं होणाऱ्या राज्याभिषेकास नजराणा द्यावयाचा आणि व्यापाराचा तह पदरांत पाडून घ्यावयाचा, असा या वकिलातीचा दुहेरी हेतु होता. तह झाला, ती हकीकत शाळेंतील मुलांसही परिचित आहे. त्या मानानें कमी परिचित आहे ती या पाहुण्यांच्या पोटाची हकीकत. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर यानें १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत ती नमूद करून ठेविली आहे.

गडावर जेवावयास मिळे ती खिचडी. तांदूळ व डाळ एकत्र शिजवून त्यांत भरपूर तूप. फ्रायरच्या मतें येथील लोकांचें हें अत्यंत आवडतें अन्न, व त्यावर ते चांगले पुष्टही होत. परंतु मांसाची संवय असलेल्या इंग्रजांस तें फार दिवस रुचण्यासारखें नव्हतें. त्यांनीं आपली अडचण महाराजांच्या कानांवर घातली. तेव्हां तेथील मोजक्या मुसलमानांस मांस पुरविणाऱ्या खाटकास हुकूम झाला, आणि रोज अर्धा बकरा पाहुण्यांकडे जाऊं लागला. पुढें तो वृद्ध खाटीक स्वतः गड चढून त्यांच्या भेटीस आला. मागील कित्येक वर्षांत खपलें नव्हतें इतकें मांस ज्यांनीं थोड्या दिवसांत संपविलें, ते धनी दिसतात तरी कसे, हें त्यास एकदां डोळ्यांनीं पाहावयाचें होतें! परमुलखांत गेलेला प्रवासी तेथील अन्न न्याहाळतो, तेव्हां तेथील माणसेंही प्रवाशाचें खाणें न्याहाळीत असतात. बहुतेक प्रवासवर्णनकार हें विसरतात. फ्रायर विसरला नाहीं.

रायगडची ती खिचडी सर्वस्वीं जुन्या जगाची होती. त्याच महाड तालुक्यांत आज एकादशीस जी खिचडी शिजते तिची कुळकथा मात्र अगदीं निराळी आहे. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची, या चोहोंपैकीं एकाचेंही मूळ हिंदुस्थानांत नाहीं. १४९२ पूर्वीं हे जिन्नस येथें कोणाच्या दृष्टीसही पडले नव्हते. पूर्वापार सोबत काय ती तुपाची आणि जिऱ्याची. पोलादपूरच्या डोंगरउतारांवर नाचणीच्या जोडीनें वरी पिके आणि उपवासास वरीचे तांदूळ चालत. साबुदाणा त्यांच्या शेजारीं मागाहून येऊन बसला. महायुद्धामुळें बाहेरचा माल बंद पडला तेव्हां, १९४३ च्या सुमारास, तामिळ मुलखांतील सेलम येथें कसावाच्या कंदापासून तो करण्याचे कारखाने निघाले. तांदूळ-डाळीची खिचडी उपवासास निषिद्ध, आणि परद्वीपींची ही चौकडी पवित्र! ज्या पदार्थांचें नांवही धर्मशास्त्रकारांच्या कानीं गेलें नव्हतें, त्यांस ते मनाई तरी कशी करणार?

ज्या जगांतून हे जिन्नस आले त्याचें दार युरोपास प्रथम क्यूबाच्या बाजूनें उघडलें. कोलंबस २८ ऑक्टोबर १४९२ रोजीं या बेटास लागला. आपण आशियांत पोंचलों या भ्रमांत त्यानें नोव्हेंबरच्या आरंभीं रॉड्रिगो दे हेरेस व लुइस दे तोरेस या दोघांस आंत पाठविलें. तोरेस अरबी व हिब्रू जाणत असे. मोठ्या खानाच्या दरबारांत तें ज्ञान उपयोगीं पडेल अशी अपेक्षा होती. दरबार कोठला भेटावयास! भेटली ती पन्नासेक घरांची एक वस्ती. तेथील ताइनो लोकांनीं या दोघांचा मोठा आदर केला, आणि चेस्टनटसारखे लागणारे शिजविलेले कंद त्यांस खावयास दिले. परततांना पेटलेल्या पानांचा धूर ओढीत जाणारीं माणसें दिसलीं. तोरेसचें अरबी कोणाच्या उपयोगी पडलें नाहीं. नारायण शेणवी त्या मानानें भाग्यवान.

या आतिथ्याची परतफेड भयंकर झाली. १५११ पासून स्पेनने बेट जिंकावयास आरंभ केला. प्रतिकार करणारा नायक हातुए यास १५१२ त जिवंत जाळण्यांत आलें. खाणींतील वेठ आणि देवीसारख्या सांथी यांनीं पन्नास वर्षांच्या आंत ताइनो समाजाचा जवळजवळ उच्छेद झाला आणि त्यांची भाषा बोलण्यांतून गेली. पण तिचे कांहीं शब्द आधींच गलबतांत चढले होते. ताइनो लोक रताळ्यास ‘बताता’ म्हणत. स्पॅनिश व पोर्तुगीज खलाशांनीं तो शब्द उचलला, एका दुसऱ्याच कंदास लावला, आणि मराठींत तो ‘बटाटा’ होऊन राहिला. ज्याचें तें मूळ नांव, तें रताळें मात्र देशी नांवानेंच ओळखलें जातें. पपईचें नांवही त्याच समुद्रांतलें. मिरचीस ताइनो भाषेंत ‘आही’ म्हणत. तो शब्द इकडे आला नाहीं, कारण तिखटपणास मिरीची उपमा तयार होती. पेरूचें फळही तिकडचेंच, परंतु त्याच्या मराठी नांवाचा पेरू देशाशीं संबंध नाहीं. तें नासपतीच्या पोर्तुगीज नांवाशीं जोडतात. तंबाखू तर इतक्या त्वरेनें पसरली कीं, १६०४-०५ च्या सुमारास असद बेगानें विजापुराहून ती अकबराच्या दरबारीं नेली. महाडच्या बाजारांत बटाटे आणि पपई यांचे भाव विचारणारी गृहिणी एका नष्टप्राय भाषेचे दोन शब्द रोज उच्चारीत असते.

उलट, महाडचा कोणी प्रवासी क्यूबांत गेला तर त्यास परकें असें फारसें वाटूं नये. तेथेंही खिचडी आहे. पूर्वेकडे तांबड्या घेवड्याच्या दाण्यांबरोबर भात शिजवितात, तिला ‘कोंग्री’ म्हणतात. काळ्या दाण्यांच्या भातास ‘मूर आणि ख्रिस्ती’ असें गमतीचें नांव आहे. फोडणींत कांदा, लसूण व जिरें असतें. तुपाच्या जागीं मात्र बहुधा डुकराची चरबी. कसावाचा कंद उकडून त्यावर लसूण व आंबट संत्र्याचा रस घालतात. तोच कंद किसून, पिळून, तव्यावर भाजून केलेली ‘कसाबे’ ही भाकरी ताइनो काळापासून चालत आली आहे. २०२४ सालीं युनेस्कोनें तिची नोंद मानवजातीच्या वारशांत केली. प्रवाशाची निराशा होईल ती तिखटाच्या बाबतींत. क्यूबाच्या स्वयंपाकांतील ‘आही’ सुवासिक खरी, पण सौम्य; झणझणीत मिरची शोधावी लागेल. १९६२ पासून तेथें शिधापत्रिकेची पद्धत आहे. त्या कॉफींत भाजलेले वाटाणे मिसळलेले असतात, आणि ती छोट्या पेल्यांत अतिशय गोड करून पितात.

त्या गोडव्याची उलटी वाट आहे. तांदूळ, आंबा, केळें यांप्रमाणें ऊसही पूर्वेकडून तिकडे गेला. कोलंबसानें १४९३ च्या दुसऱ्या सफरींत तो कॅरिबियन बेटांत नेला. साखरेस स्पॅनिश भाषेंत जें ‘आसुकार’ म्हणतात तें संस्कृत ‘शर्करे’चेंच अरबी मार्गानें गेलेलें रूप. शेजारच्या हैतींत १७९१ सालीं गुलामांनीं बंड केलें, तेथील साखरेचा धंदा बसला आणि क्यूबाचा वाढला. त्यासाठीं आफ्रिकेंतून लाखों माणसें साखळदंडांत आणलीं. खारविलेलें सुकें मांस आणि खारा मासा हा त्यांचा शिधा. १८४७ नंतर सुमारें सव्वा लाख चिनी मजूर कराराच्या नांवाखालीं तेथें नेले. गुलामगिरी कायद्यानें संपावयास १८८६ साल उजाडलें. जगभर गाजलेली क्यूबाची रम त्याच साखरेच्या मळीपासून निघते. रस्त्यांत मिळणारें पेय मात्र साधें आहे. त्यास ‘ग्वारापो’ म्हणतात, आणि तो उसाचा ताजा रस असतो. महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील रसवंतीगृहांतही तोच रस मिळतो. फक्त येथें उसाबरोबर चरकांत आल्याचा तुकडा आणि लिंबू घालतात.