वेब-प्रोटोकॉल आणि पान उघडण्याचा वेग : वाशिम जिल्हा

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात वेबपानाची ने-आण ज्या नियमांनी होते, त्या नियमांचा संच म्हणजे एचटीटीपी. एचटीटीपी/२ (२०१५) आणि एचटीटीपी/३ (२०२२) या त्याच्या नव्या आवृत्त्यांमुळे पान उघडायला लागणारा वेळ घटतो. चांगल्या फायबर जोडणीवर हा फरक फारसा जाणवत नाही. रेंज कमी-जास्त होणाऱ्या मोबाइलवर तो ठळकपणे जाणवतो. ग्रामीण जिल्ह्यांसाठी या विषयाचे मोल म्हणूनच अधिक आहे.

जिल्ह्याचा संदर्भ : १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,९७,१६० असून पाचांतले चारहून अधिक लोक खेड्यांत राहतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश झाला. सातबारा, महाडीबीटीवरचे अर्ज, पीकविमा, सोयाबीनचे भाव, परीक्षांचे निकाल ही कामे आता वेबवरून होतात. पान उघडायला लागणारा वेळ हा इथे थेट कामाचा वेळ असतो.

वेळ कुठे जातो : जोडणीचा वेग एमबीपीएसमध्ये सांगितला जातो, पण छोट्या पानांचा बराचसा वेळ ब्राउझर ते सर्व्हर अशा जाऊन-येऊन होणाऱ्या फेऱ्यांत खर्च होतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. वाशिम ते मुंबई सरळ रेषेतले अंतर सुमारे ४५० किमी. त्या हिशेबाने एक फेरी ५ मिलिसेकंदांत व्हायला हवी. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे सुमारे १३,००० किमीवर असेल, तर किमान १३० मिलिसेकंद लागतात. टॉवरवरची गर्दी आणि तारांचा वळसा यांमुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा बराच मोठा असतो. वाटेत हरवलेली पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पुन्हा मागवावी लागतात, तो वेळ आणखी वेगळा.

एचटीटीपी/१.१ (१९९७) : या आवृत्तीत एका जोडणीवर एका वेळी व्यवहारात एकच मागणी पुरी होते. त्यामुळे ब्राउझर एकाच संकेतस्थळाशी साधारण सहा जोडण्या उघडतात आणि उरलेल्या मागण्या ताटकळत राहतात.

एचटीटीपी/२ : गूगलच्या स्पीडी या प्रोटोकॉलवरून ही आवृत्ती घडली. एकाच जोडणीतून अनेक फाइली एकदम येतात आणि मागणीसोबत जाणारे हेडर आकसून पाठवले जातात. मात्र खाली पॅकेट क्रमानेच पोचवणारा टीसीपी हा वाहतुकीचा प्रोटोकॉलच असल्याने एक पॅकेट हरवले की त्यामागचे सगळे अडते. बाजार समितीच्या काट्यावर एक ट्रॅक्टर अडला की मागची रांग खोळंबते, तसाच हा प्रकार. म्हणून खराब रेंजमध्ये एचटीटीपी/२ कधीकधी जुन्या सहा जोडण्यांपेक्षाही मागे पडतो.

एचटीटीपी/३ : ही आवृत्ती टीसीपीऐवजी यूडीपी या साध्या वाहतूक-प्रोटोकॉलवर चालणाऱ्या क्विक या प्रोटोकॉलवर उभी आहे. गूगलने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या क्विकला २०२१ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला. यात प्रत्येक फाइलीचा प्रवाह स्वतंत्र असल्याने एका चित्राचे पॅकेट हरवले तरी मजकूर थांबत नाही. जोडणी जुळवणे आणि ती सुरक्षित करणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत होतात. एक फेरी १०० मिलिसेकंदांची धरली, तर उत्तर यायला टीसीपी आणि जोडणी सुरक्षित करणारा टीएलएस १.२ यांच्या जोडीवर ४०० मिलिसेकंद लागतात, टीएलएस १.३ वर ३०० आणि एचटीटीपी/३ वर २००. ओळखीच्या सर्व्हरकडे पुन्हा जाताना हे काम १०० मध्येही होऊ शकते. शिवाय जोडणीला स्वतःचा क्रमांक असतो; घरच्या वाय-फायमधून बाहेर पडून फोन मोबाइल डेटावर गेला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मराठी पानांचे वेगळेपण : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'वाशिम' या शब्दात पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. हाच शब्द पत्त्यात आला की टक्केचिन्हांच्या रूपात ४५ अक्षरांचा होतो. पानावरच्या प्रत्येक चित्राच्या मागणीसोबत मूळ पानाचा हा लांबलचक पत्ता सहसा सर्व्हरला कळवला जातो. एचटीटीपी/१.१ तो दर वेळी पूर्ण पाठवतो; नव्या आवृत्त्या तो एकदा नोंदवून पुढे नुसता क्रमांक पाठवतात. मराठी पत्त्यांना हा लाभ इंग्रजीपेक्षा जास्त होतो. मात्र जोडाक्षरांमुळे मोठ्या झालेल्या देवनागरी फॉन्टच्या फाइली प्रोटोकॉल बदलून लहान होत नाहीत.

मर्यादा : सर्व्हरवरचा डेटाबेसच संथ असेल, तर सातबारा कोणत्याही प्रोटोकॉलने लवकर येत नाही. जड छायाचित्रे आणि अवाजवी स्क्रिप्ट स्वस्त फोनला दमवतात. पहिल्या भेटीत ब्राउझर बहुधा एचटीटीपी/२ नेच जातो आणि सर्व्हरने सांगितल्यावर पुढच्या वेळी एचटीटीपी/३ वापरतो. काही नेटवर्कांत यूडीपी अडवलेला असतो. तिथेही एचटीटीपी/२ वर परतावे लागते. फाइली आधीच ढकलण्याची एचटीटीपी/२ मधली सोय तर क्रोमने २०२२ मध्ये काढूनच टाकली.

तपासणी आणि उपाय : संगणकावरील ब्राउझरच्या विकासक-साधनांत नेटवर्क या भागातला प्रोटोकॉलचा रकाना पाहिला की कोणती आवृत्ती चालू आहे ते कळते. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष आहे. एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये एचटीटीपी/३ ची सोय २०२३ पासून आहे. वापरणाऱ्याला यासाठी नवा फोन किंवा महागडा रिचार्ज लागत नाही. बदल संकेतस्थळ चालवणाऱ्याने करायचा असतो. ग्रामीण नागरिकांसाठी असलेल्या प्रत्येक संकेतस्थळाने आधी पान हलके करावे, सर्व्हर भारतात ठेवावा आणि मग एचटीटीपी/३ सुरू करावा. कारंजा वा मानोऱ्याच्या खेड्यातला अर्जदार मुंबईकराइतकाच हक्काचा वापरकर्ता आहे, आणि चाचणी त्याच्या रेंजवर व्हायला हवी.